मुठीचं कुलूप

कुमुद टिपणीस त्या सकाळी मॉडेल शॉपमध्ये गेली ती एका भोकाचं माप पडताळायला. ड्रॉइंगवर एक आणि तयार तुकड्यात भलतंच, असं झालं की बोलणी ड्रॉइंग ऑफिसला बसत. म्हणून शंका आली की ती स्वतः जिना उतरून खाली जायची. खाली फिटर जगन घरत नुकतीच जुळवलेली कार्बाइन हातात घेऊन उभा होता. पायाशी, कोब्यावर, रबराची जाड पट्टी अंथरलेली.

“बाय, तितंच थांबा,” तो म्हणाला. “मागं व्हा जरा.”

त्याने कार्बाइन छातीइतक्या उंचीवर उभी धरली, दस्ता खाली आणि नळी छताकडे, आणि हात सोडले. धप्प झालं आणि त्याला चिकटूनच फट्ट झालं. निळसर धुराची एक रेघ नळीतून वर गेली. काडतुसात दारू नव्हती, पुढे गोळीही नव्हती; तळाची टिकली तेवढी भरलेली. पण ती उडाली होती, आणि चापाला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

“सकालपास्नं धा वेळा टाकली,” जगन म्हणाला. “तीनदा उडाली. आता ही चवथी.”

हे अठ्ठ्याऐंशी सालचं. पनवेल सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी, तारेच्या दुहेरी कुंपणाआड, ते सरकारी शस्त्ररचना केंद्र होतं. गेटवर पाटी होती, पण वाचणाऱ्याला आत काय चालतं याचा पत्ता लागू नये अशीच तिची भाषा. आत ऐंशीएक माणसं चार वर्षं एकाच कामाला जुंपलेली होती: पलटणींसाठी नवी कार्बाइन. आखूड, हलकी, चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सोडणारी. जवानांच्या खांद्यावरच्या जुन्या कार्बाइन खिळखिळ्या झाल्या होत्या आणि दिल्लीहून दर महिन्याला ‘कुठवर आलं’ अशी विचारणा येत होती.

कुमुद मुंबईच्या ऑफिसातून बदलीवर आली होती. नवरा अवधूत बँकेत, राहायला नवीन पनवेलात सिडकोचं घर. हुद्दा ‘सीनियर ड्राफ्ट्समन’. त्या हुद्द्याला स्त्रीलिंग नव्हतं आणि तिला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. शाईची रेघ एकदा ओढली की खोडायची पाळी येऊ नये, एवढाच तिचा अभिमान. जगन जासईचा. घरची मिठागरं बंदराच्या प्रकल्पात गेली, तेव्हा आयटीआय करून तो इथे लागला होता. मायक्रोमीटर लावायच्या आधी तो अंगठ्याने तुकडा चाचपायचा आणि माप सांगायचा. ते सहसा चुकत नसे.

थोड्या वेळाने मुख्य रचनाकार सत्यजीत राजाध्यक्ष खाली आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम चार पेन्सिली. त्यांनी कोणाशी न बोलता कार्बाइन उचलली आणि स्वतः पाच वेळा टाकली. पाचव्या खेपेला ती उडाली.

“समजलं,” ते म्हणाले. त्यांनी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा आतला जड ठोकळा, बाहेर काढला आणि दोघांसमोर धरला. “हा बोल्ट पुढे असतो, नळी रिकामी. मॅगझिन मात्र भरलेलं. आता बंदूक दस्त्यावर आपटली की काय होतं? सगळी बंदूक थांबते, बोल्ट थांबत नाही. तो स्वतःच्या वजनाने मागे जातो. पुरता मागे गेला तर खाचेत अडकेल. अर्धवट गेला तर अडकणार नाही. स्प्रिंग त्याला परत पुढे फेकेल, येता येता तो एक गोळी उचलेल, आणि...”

“पर सेफ्टी लावलेली होती, सायेब,” जगन म्हणाला.

“सेफ्टी चापाला लागते, जगन. इथे चापाचा संबंधच येत नाही.”

त्यांनी आठ दिवस घरचं आणि ऑफिसचं एक केलं आणि उपाय काढला. मुठीच्या मागच्या अंगाला एक पट्टी. जवानाने मूठ घट्ट आवळली की पट्टी आत दबणार आणि बोल्ट मोकळा होणार. हात सुटला की बोल्टला कुलूप. मॉडेल शॉपमधली माणसं त्याला मुठीचं कुलूपच म्हणू लागली. कुमुदने ते तीन दिवसांत काढलं, अकरा सुटे भाग, एका शीटवर. ड्रॉइंग नंबर सत्तेचाळीस. जगनने ते बनवलं आणि मग कार्बाइन शंभर वेळा टाकली. दस्त्यावर, कडेवर, लाकडावर, दगडावर. एकदाही उडाली नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना सत्यजीत बसमध्ये कुमुदच्या पुढच्या सीटवर बसले होते. मान मागे वळवून म्हणाले, “टिपणीसबाई, आज झोप लागेल.”

पुढचं वर्ष चाचण्यांत गेलं. वाळवंटात, चिखलात, खाऱ्या पाण्यात बंदूक उत्तम चालली. बर्फात मात्र नडली. जाड हातमोजे घातलेल्या दहा जवानांपैकी तिघांना मुठीची पट्टी पुरती दबेना. त्यांनी चाप ओढला आणि काहीच झालं नाही. लष्कराच्या चाचणी समितीतल्या एका अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटून विचारलं म्हणे, “शत्रू समोर असताना माझ्या पोराची बंदूक बोलली नाही, तर ते कोणाच्या नावावर लिहायचं?”

सत्यजीत दिल्लीहून परतले ते थेट ड्रॉइंग ऑफिसात आले. खुर्ची ओढून कुमुदच्या बोर्डाजवळ बसले. “सत्तेचाळीस काढा.”

तिने शीट काढलं.

“त्यावर ‘रद्द’ मारा.”

“आणि त्याऐवजी?”

“त्याऐवजी काही नाही. पट्टी काढायची. वजन कमी, भाग कमी, हातमोज्यांची अडचण मिटली. माहितीपुस्तिकेत एक वाक्य येईल: भरलेलं मॅगझिन लावलेली कार्बाइन पडू अथवा आपटू देऊ नये.”

कुमुदला वाटलं ते थट्टा करतायत. “साहेब, बंदूक घेऊन पळणारा माणूस पडणारच की.”

“मी हेच बोललो. दोन दिवस हेच बोललो.” त्यांनी खिशातल्या पेन्सिली काढून हातात धरल्या, परत खिशात ठेवल्या. “मोठी पट्टी करून देतो म्हणालो, सहा महिने द्या म्हणालो. ते म्हणाले, सहा महिन्यांनी परदेशी बंदूक विकत घेऊ, तुमचं केंद्र बंद करू. मी सही केलीय, बाई.”

तिने रबरी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि शीटच्या उजव्या कोपऱ्यात मारला. रजिस्टरात नोंद केली. शीट गुंडाळून रद्द ड्रॉइंगांच्या कपाटात ठेवलं. नव्या रचनेसाठी चाचण्यांची यादी पुन्हा टाइप झाली, तेव्हा आपटण्याची चाचणी तीत नव्हती. ती झाली होती आणि बंदूक पास झाली होती, कुलपासकट. आता नव्याने घ्यायला वेळ नव्हता.

एक्क्याण्णव साली लष्कराने कार्बाइन स्वीकारली. केंद्रात मांडव पडला, भाषणं झाली, पेढे वाटले. सत्यजीतना बढती मिळून ते दिल्लीला गेले. जगनला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते त्याने गुंडाळी करून डब्याच्या पिशवीत खुपसलं आणि कुमुदला विचारलं, “बाय, कुलूप नंतर बशिवतील ना?”

“बसवतील,” ती म्हणाली. त्या वेळी तिला ते खरंही वाटत होतं.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात लष्कराच्या एका चौकशी मंडळाचं पत्र केंद्रात आलं. सीमेवरच्या एका ठाण्यावर ट्रकमधून उतरताना एका जवानाच्या हातची कार्बाइन उडाली होती आणि त्याचा साथीदार जागच्या जागी गेला होता. जवान म्हणत होता, माझं बोट चापावर नव्हतं, बंदूक दस्त्यावर आपटली आणि उडाली. मंडळाने विचारलं होतं: असा दोष रचनेत आहे काय?

सत्यजीतांच्या जागी आता कमलाकर देवस्थळी संचालक होते. त्यांनी कुमुदला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेलं उत्तर समोर तयारच होतं. ‘अंतिम रचनेच्या चाचण्यांत असा दोष आढळलेला नाही.’

“यातला एक तरी शब्द खोटा आहे का, सांगा,” देवस्थळी म्हणाले.

कुमुदने पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. अंतिम रचना कोणी आपटून पाहिलीच नव्हती, तर दोष आढळणार कुठून?

“सर, सत्तेचाळीस नंबर...”

“ते अंतिम रचनेत आहे का?”

“नाही. रद्द आहे.”

“मग तसं लिहा. अंतिम रचनेच्या रजिस्टरात अशा स्वरूपाचं ड्रॉइंग नाही. रेकॉर्ड तुमच्याकडे आहे, सही तुमची लागेल.” त्यांनी पेन पुढे केलं. आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. उलट चहा मागवला. “हजारो कार्बाइन जवानांच्या हातात आहेत, बाई. त्यांचा बंदुकीवरचा विश्वास उडाला तर काय होईल, विचार करा.”

कुमुदने सही केली. चहा घेतला नाही, एवढंच.

घरी तिने अवधूतला सांगितलं. तो पेपर वाचत होता. घडी घालून बाजूला ठेवला. “अगं, तू ड्रॉइंग काढणारी बाई. बंदूक कोणी केली, कोणी पास केली, कोणी घेतली. त्यात तू कुठे येतेस?” तिला ते पटलं नाही, पण ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच पुढे तिला शरम वाटत राहिली. महिना गेला, वर्ष गेलं. त्या जवानाचं काय झालं हे विचारायला तिने कोणाला फोन केला नाही.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी जगन तिच्या दारात उभा राहिला. सात वर्षांत तो घरी कधी आला नव्हता. बरोबर पंचविशीच्या आतबाहेरचा एक माणूस. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, उजवा हात पँटच्या खिशात.

“बाय, यो हरेश. आमच्या जासईचाच,” जगन म्हणाला. “लष्करान होता.”

दोघं आत आले. अवधूत बाजारात गेला होता. हरेश खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी दिलं ते त्याने डाव्या हाताने घेतलं.

“ट्रकवरनं उतरताना कार्बाइन उडाली, तो योच,” जगन म्हणाला. “कोर्ट मार्शल झाला. धा महिने जेलान होता, नोकरी गेली. गावान आला तं कोणी बोलं ना. साथीदाराला मारलान म्हनतात. मना ठाव नव्हता, बाय. परवा तलावावं भेटला न् सांगला. दस्त्यावं पडली न् उडाली म्हनला, तवा मना आपला कुलूप आठवला.”

कुमुद उभीच होती. बसावं हे तिला सुचलं नाही.

“मॅडम,” हरेश म्हणाला. तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होता, पलटणीतल्या साहेबांशी बोलावं तसा. “मला नोकरी परत नको. मला एकच विचारायचं आहे. तिथं मला तीन वेळा विचारलं, बोट चापावर होतं का. मी नाही म्हणालो. मग वकील म्हणाला, आठवून बघ, असेलही. मग जेलमध्ये मी रोज आठवून बघितलं. ट्रकची फळी, माझा पाय, काशिराम खाली उभा, हात वर करून. मला उतरायला हात देत होता तो. रोज आठवलं. आणि आता मला बोट दिसतं, मॅडम. चापावर. खरं दिसतं की मीच घातलंय तिथं, ते कळत नाही.” त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने झाकला. “जगनकाका म्हणतात, तुमच्याकडे कागद आहे. मी गोळी झाडली का?”

इतका वेळ कुमुदच्या मनात शब्द जमत होते: अंतिम रचना, विकासाचा टप्पा, समितीचा निर्णय. त्यांतला एकही त्या माणसासमोर तोंडातून बाहेर पडेना.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही झाडली नाही. ती बंदूक पडली की उडते. आम्हाला माहीत होतं. जगनने दाखवलं, साहेबांनी पाहिलं, मी पाहिलं. कुलूप केलं होतं तिला. मग काढलं. आणि तुमची चौकशी चालू होती तेव्हा आम्हाला पत्र आलं, आणि असं काही नाही म्हणून मी सही केली.”

हरेश चिडेल, ओरडेल, निदान उठून जाईल, असं तिला वाटलं. त्याने फक्त विचारलं, “अठ्ठ्याऐंशी सालीच?”

“हो.”

“मी तेव्हा भरती पण झालो नव्हतो,” तो म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकून त्याने डोळे मिटले. खांदे आधी हलले, आवाज मागाहून आला. जगन उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुमुदने रद्द ड्रॉइंगांचं कपाट उघडलं. गुंडाळी जागेवरच होती. ती उलगडून तिने तारीख पाहिली, आपली आद्याक्षरं पाहिली, सत्यजीतांची सही पाहिली आणि परत ठेवून दिली. ती पिशवीत घालून गेटबाहेर नेणं अवघड नव्हतं. बायकांच्या पिशव्या कोणी तपासत नसे. पण चोरून आणलेल्या कागदाला लष्कर काय किंमत देणार? कागद जिथे आहे तिथेच सापडायला हवा होता.

संध्याकाळी तिने स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून दिल्लीला फोन लावला. सत्यजीतांनी स्वतःच उचलला. तिने सगळं सांगितलं.

“नाव काय म्हणालात त्याचं? गेलेल्याचं?”

“काशिराम.”

“मला आकडा कळला होता, नाव नाही. टिपणीसबाई, तुम्हाला एक सांगतो. जुनी कार्बाइनही पडली की उडायची. मी सही केली नसती तर परदेशी बंदूक येईपर्यंत तीच राहिली असती, याहून वाईट. मी हिशेब केला होता. त्यात माणसं वाचतात.”

“यात एक गेला, साहेब. आणि एक जिवंतपणी गेला.”

“माहीत आहे.”

“मी लष्कराला लिहिणार आहे. ड्रॉइंगचा नंबर, तारीख, कपाट, सगळं. जगन सही करणार आहे.”

“लिहा. मला विचारलं तर ड्रॉइंग माझं आहे असं मी सांगेन. पण समितीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बर्फात ती पट्टी दबत नव्हती, बाई. तेही खरंच होतं.”

तिने फोन ठेवला. आता त्यांच्यावर रागवावं तरी कसं, हे तिला कळेना. पूर्ण खोटं कोणीच बोललं नव्हतं, तीसुद्धा नाही.

पत्र तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, दीड पान. विशेषणं घातली नाहीत. त्र्याण्णव सालची आपली सही कशी दिशाभूल करणारी होती तेही लिहिलं. अवधूतने वाचलं. “पेन्शनला तीन वर्षं राहिलीत,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “दुसऱ्या ओळीत तारीख चुकलीय बघ,” असं म्हणून त्याने पान परत दिलं. जगनने सगळ्यात खाली सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली.

चार महिने काहीच घडलं नाही. मग एका सकाळी लष्कराचे तीन अधिकारी केंद्रात आले, त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि सत्तेचाळीस नंबर ताब्यात घेतलं. मॉडेल शॉपमध्ये त्यांनी जगनला कार्बाइन टाकायला लावली. रबराची पट्टी तीच होती. सहाव्या वेळी ती उडाली. अधिकाऱ्यांपैकी एकाने नकळत पाऊल मागे घेतलं.

त्यानंतर गोष्टी झाल्या, पण ज्या व्हाव्यात तशा नाहीत. सगळ्या कार्बाइन टप्प्याटप्प्याने परत मागवून त्यांना मोठी पट्टी असलेलं कुलूप बसवायचा हुकूम निघाला. हुकमात कारण दिलेलं नव्हतं. पहिली पन्नास कुलपं जगननेच बनवली. कुमुदला गोपनीय माहिती विनापरवाना उघड केल्याबद्दल निलंबनाची नोटीस आली आणि खात्याची चौकशी सुरू झाली, ती पुढे वर्षानुवर्षं रेंगाळली. देवस्थळींची बदली झाली, मोठ्या जागेवर. सत्यजीतांनी बोलल्याप्रमाणे लेखी कळवलं: ड्रॉइंग माझं आहे, समितीचा निर्णय त्या वेळच्या माहितीनुसार योग्य होता. हरेशने शिक्षेविरुद्ध अर्ज केला. तीन ओळींचं उत्तर आलं. मुदत उलटून गेली असल्यामुळे प्रकरण पुन्हा उघडता येत नाही.

ते पत्र घेऊन तो कुमुदकडे आला. तिने वाचलं आणि पुन्हा अर्ज करू म्हणाली, वकील बघू म्हणाली. त्याने मान हलवली.

“मॅडम, माझ्याबरोबर एका ठिकाणी याल? काशिरामच्या आईला सांगायचं आहे. मी एकटा गेलो तर माझं कोण ऐकेल?”

पनवेलच्या स्टँडवरून ते पहाटेच्या गाडीने निघाले आणि दोन गाड्या बदलून दुपारी विट्याच्या पुढच्या त्या गावात पोचले. काशिरामची आई गंगाबाई घरापुढे शेंगा फोडत बसली होती. वाळलेली, काटक बाई, कपाळ रिकामं. हरेश दारापासून दहा पावलांवर थांबला. त्याला पुढे जाववेना. कुमुदच पुढे गेली आणि मातीतच तिच्याशेजारी बसली. मी कुठून आले, हा कोण आहे, सगळं सांगितलं. नाव ऐकताच शेंगा फोडणारे हात थांबले, पण बाई उठली नाही.

कुमुदने बंदुकीचं सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून. बोल्ट, स्प्रिंग, कुलूप, कुलूप काढणं. ते आपण आखलं होतं आणि आपल्याच हाताने रद्द केलं होतं, हेही. सत्य आता तरी पूर्ण सांगायचं, असं ठरवून ती आली होती. गंगाबाई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिची नजर कुमुदच्या खांद्यावरून पलीकडे, हरेशवर लागली होती.

कुमुदचं बोलणं संपलं.

“ह्यो व्हता न्हवं तिथं?” गंगाबाईने विचारलं.

“हो. पण मी सांगितलं तसं, त्याची चूक—”

“त्ये ऱ्हाऊ द्या, बाई.” तिने हात झटकला. “मला त्यातलं काय कळतंय? सरकारचं मानूस आलं, पेटी दिली, उघडू नगा म्हनलं. कुनी काय सांगितलंच न्हाई मला.” मग तिने मान उचलून हाक मारली. “आरं, हिकडं ये. तिथं का हुबा ऱ्हायलास?”

हरेश आला आणि समोर उकिडवा बसला, खाली मान घालून.

“लई वेळ लागला का त्याला?” गंगाबाईने विचारलं.

कोर्टात, जेलमध्ये, गावात, कुठेच कोणी त्याला हे विचारलं नव्हतं. सगळ्यांना त्याचं बोट कुठे होतं तेवढंच हवं होतं.

“खरं सांग,” ती म्हणाली. “गोड सांगू नगंस.”

“लागला,” हरेश म्हणाला. “कागदावर लिवलाय जागच्या जागी. तसा नाय. दहा मिंटा होता. माज्या मांडीवं डोका होता त्याचा.” शुद्ध बोलणं सुटून तो आता आपल्या बोलीत आला होता आणि त्याचं त्याला भान नव्हतं. “पानी मागलान. मी दिला. बोलला, हरेश, तुजा हात का थरथरतो?”

“आनि?”

“आनि तुमचा नाव घेतलान. आय बोलला दोनदा.”

गंगाबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडली ती मोठ्याने, आडपडदा न ठेवता, दोन वर्षं कोंडलेलं रडणं. शेजारच्या दोन बाया धावत आल्या आणि काय झालं ते न कळून थांबल्या. हरेशने तिचा हात धरला, आपल्या उजव्या हाताने, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

कुमुद उठली. तिला तिथे आता काम नव्हतं. ती सूपभर शेंगांना वळसा घालून अंगणाच्या कडेला गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मागून हरेशचा आवाज येत होता. तो सांगत होता, पहिल्यापासून, काशिराम पलटणीत आला त्या दिवसापासून. मधेच गंगाबाई काही विचारायची आणि तो तेवढंच पुन्हा सांगायचा.

परतीची गाडी साडेचारला होती. ती गेली तरी कुमुदने त्याला हाक मारली नाही.